विश्लेषण : ‘ऱ्हिदम हाऊस’ बंद का झाले? आणि गिरगाव-दादरच्या जुन्या दुकानांचे काय?

काळा घोडा चौकात जहांगीर कला दालनासमोरच्या जागेला अजूनही मुंबईकर ‘ऱ्हिदम हाऊस’च म्हणतात. तबकड्या, कॅसेट, सीडी विकणारे हे दुकान फेब्रुवारी २०१६ अखेर बंद झाले. त्यानंतर त्या जागेच्या वाट्याला हिरे व्यापारी आला, सक्तवसुली संचालनालय आले, दिवाळखोरी कायदा आला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या खरेदीदाराचे नावही आले. दुकान संपले, पण जागेच्या बातम्या संपल्या नाहीत. लाडकी दुकाने नेमकी कशाने बंद होतात, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगले उदाहरण मुंबईत मिळणे कठीण.

हे दुकान एवढे लाडके का होते?

१९४०च्या दशकात सुरू झालेले ‘ऱ्हिदम हाऊस’ पुढे करमाली कुटुंबाने चालवले. तबकडी विकत घेण्याआधी ती ऐकून बघायला तिथे काचेच्या छोट्या खोल्या होत्या. आज मोबाइलवर गाण्याचे पहिले तीस सेकंद ऐकून पुढे सरकणाऱ्या पिढीला याचे नवल कळणार नाही. पण ज्या काळात घरात ग्रामोफोन असणे हीच चैन होती, त्या काळात शास्त्रीय गायनाची एखादी लाँगप्ले पूर्ण ऐकून, न घेता परत ठेवण्याची मुभा देणारे दुकान ही मोठी गोष्ट होती. कॉलेजातली कित्येक मुले फक्त ऐकायला जात आणि त्यांना कोणी हटकत नसे.

दुसरे कारण काउंटरमागची माणसे. राग आणि गायकाचे नाव अर्धवट आठवत असले, चित्रपटाचे नाव चुकीचे सांगितले, गाण्याची नुसती चाल गुणगुणली, तरी कर्मचारी नेमकी कॅसेट काढून देत, असे जुने ग्राहक सांगतात. हिंदुस्थानी, कर्नाटक, पाश्चात्त्य अभिजात, जॅझ, रॉक, गझल असे सगळे एका छपराखाली मिळे. शहरातल्या मैफलींची तिकिटेही तिथेच मिळत. म्हणजे कोण कुठे गाणार आहे, हे कळण्याचीही ती जागा होती.

खरे तर गिरगाव, परळ, लालबागच्या माणसाला काळा घोडा ही थोडी साहेबी वस्ती वाटायची. गिरगावात देवधरांची संगीतशाळा होती, लालबाग-परळमध्ये शाहिरी आणि भजनी मंडळांचा गाजावाजा होता. मराठी नाट्यसंगीताची आणि भावगीतांची कॅसेट घ्यायला दादर पुरेसे होते. तरीही एखादी दुर्मीळ तबकडी दादरला मिळाली नाही की ‘ऱ्हिदमला बघ’ हे वाक्य ठरलेले. चर्चगेट किंवा व्हीटीला उतरायचे आणि चालत जायचे.

मग ते बंद का झाले?

२०१५च्या अखेरीस दुकान बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा मालकांनी दोन कारणे पुढे केली. एक, पायरसी. दोन, संगीताचे डिजिटल होणे. दोन्ही खरी आहेत, पण त्यांचा क्रम समजून घेतला पाहिजे.

संगीताच्या दुकानाला पहिला धक्का इंटरनेटने दिला नाही, कॅसेटने दिला. १९८०च्या दशकात टी-सीरिजने स्वस्त कॅसेट काढल्या आणि त्या पानाच्या टपरीपासून किराणा दुकानापर्यंत सगळीकडे ठेवल्या. गाणे घ्यायला संगीताच्याच दुकानात जावे लागते, हा नियम तिथेच मोडला. त्यातून ‘ऱ्हिदम हाऊस’ तरले, कारण टपरीवर न मिळणारे संगीत त्यांच्याकडे होते. पुढे सीडी आली आणि काही वर्षे बरी गेली. मग एमपी३ आले. एका तबकडीत दीडशे गाणी रस्त्यावर मिळू लागली. त्यानंतर मोबाइल रिचार्जच्या टपरीवर मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली. इथे विक्रेत्याला सीडीसुद्धा लागत नव्हती.

एक तपशील सहसा ध्यानात येत नाही. जिओची सेवा सुरू झाली ५ सप्टेंबर २०१६ रोजी, म्हणजे दुकान बंद झाल्यावर सहा महिन्यांनी. स्पॉटिफाय भारतात आले फेब्रुवारी २०१९ मध्ये. त्यामुळे ‘स्वस्त डेटाने ऱ्हिदम हाऊसला मारले’ हे सर्रास केले जाणारे विधान तारखांत बसत नाही. दुकान त्याआधीच दमले होते. स्वस्त डेटाने फक्त परतीची वाट बंद केली.

बाहेरच्या जगातही हेच चित्र होते. अमेरिकेतली टॉवर रेकॉर्ड्सची दुकाने २००६ मध्ये बंद झाली. ब्रिटनमधली एचएमव्ही साखळी जानेवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीच्या दारात गेली. कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरचे म्युझिक वर्ल्ड त्याच वर्षी बंद झाले. जपानमध्ये मात्र टॉवर रेकॉर्ड्स टिकले, कारण तिथल्या श्रोत्याने सीडी विकत घेणे सोडले नाही. तंत्रज्ञान तेच, पण ग्राहकाची सवय वेगळी.

जागेचा हिशेब काय सांगतो?

बंद होण्याच्या चर्चेत सगळे संगीताबद्दल बोलले. जमिनीबद्दल फार कमी. दुकान बंद झाल्यावर वर्षभरात, २०१७ मध्ये, ही जागा नीरव मोदी याच्या फायरस्टार कंपनीने ३२ कोटी रुपयांना घेतली. या आकड्याशेजारी दुकानाचा धंदा ठेवून बघा.

त्या सुमारास बँकेच्या मुदत ठेवीवर साधारण ७ टक्के व्याज मिळे. ३२ कोटींवर वर्षाला २ कोटी २४ लाख रुपये, काहीही न करता. आता दुकानाने तेवढेच कमवायचे असेल तर? समजण्यापुरते धरू की एक सीडी ३०० रुपयांची आणि दुकानदाराला त्यात २० टक्के सुटतात, म्हणजे ६० रुपये. २ कोटी २४ लाखांसाठी वर्षाला सुमारे ३ लाख ७३ हजार सीडी विकाव्या लागतील. वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडे ठेवले तरी रोज हजारावर. हा हिशेब पगार, वीज, मालमत्ता कर आणि पडून राहिलेला माल धरण्याआधीचा आहे. हे आकडे दुकानाच्या वह्यांतले नाहीत, पण गणिताची दिशा त्यातून कळते.

भाडे परवडत नाही म्हणून दुकाने बंद होतात, असे आपण समजतो. पण जागा स्वतःची असली तरी सुटका नसते. दक्षिण मुंबईत जागेचा मालक दुकानदार असला तर त्याने रोज सकाळी शटर उघडणे हाच एक तोट्याचा निर्णय असतो. काही कुटुंबे तो दहा-वीस वर्षे घेतात, कारण वडिलांचे दुकान आहे, गिऱ्हाईक ओळखीचे आहे. पुढची पिढी घेईलच असे नाही. आणि तिने घेतला नाही म्हणून तिला दोष देणे सोपे आहे. आपल्यापैकी कितीजण २ कोटी सोडून काउंटरवर उभे राहिले असते?

ग्राहकांचे प्रेम कमी पडले का? तसेही नाही. बंद होणार असे कळल्यावर लोक निरोप घ्यायला आले, फोटो काढले, आठवणी लिहिल्या. प्रेम होते. फक्त ते खरेदीच्या रूपात येत नव्हते.

दुकान गेले, जागेचे पुढे काय झाले?

हा भाग एखाद्या कादंबरीला शोभेल असा आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा उघड झाला. नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी यांच्याशी संबंधित रक्कम पुढे १३ हजार कोटींच्या वर गेली. ज्या शाखेतून बनावट हमीपत्रे निघाली, ती ब्रॅडी हाऊस शाखा फोर्टातलीच, काळा घोड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. फायरस्टारच्या मालमत्तांवर टाच आली आणि त्यात ‘ऱ्हिदम हाऊस’ही अडकले. मोदीला मार्च २०१९ मध्ये लंडनमध्ये अटक झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विशेष न्यायालयाने त्याला फरार आर्थिक गुन्हेगार घोषित केले. संगीताचे दुकान असलेली जागा कुलूपबंद राहिली.

लिलावाची चर्चा सुरू झाली तेव्हा उद्योगपती आनंद महिंद्र यांनी समाजमाध्यमावर एक सूचना केली. मुंबईतल्या काही जणांनी मिळून ही जागा घ्यावी आणि नवोदित संगीतकारांसाठी तिथे सादरीकरणाची जागा करावी. कल्पना लोकांना फार आवडली, पण ती कल्पनाच राहिली.

कंपन्या दिवाळखोरी प्रक्रियेत गेल्यावर जागा विकण्याचे काम अवसायकाकडे आले. जप्तीतली मालमत्ता विकता कशी येते, असा प्रश्न पडू शकतो. दिवाळखोरी संहितेत २०२० च्या दुरुस्तीने कलम ३२ अ आले. कंपनीच्या आधीच्या प्रवर्तकांशी संबंध नसलेल्या खरेदीदाराने या प्रक्रियेतून मालमत्ता घेतली, तर जुन्या गुन्ह्यासाठी तिच्यावर पुन्हा कारवाई होऊ नये, अशी ही तरतूद आहे. तसे संरक्षण नसते तर अशा जागेला कोणी हातच लावला नसता, आणि बँकांची वसुलीही झाली नसती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या वृत्तानुसार अभिनेत्री सोनम कपूर यांचे पती आनंद आहुजा यांच्या भाने समूहाने सुमारे ४७.८४ कोटी रुपयांत ही जागा घेण्याचे ठरले. जागा सुमारे ३,६०० चौरस फुटांची. म्हणजे चौरस फुटाला १ लाख ३० हजारांहून अधिक. समूहाचा धंदा कपड्यांचा आणि स्नीकर्सचा. २०१७ च्या ३२ कोटींपासून २०२४ च्या जवळपास ४८ कोटींपर्यंत या जागेने एकही सीडी न विकता दीडपट मजल मारली.

ऱ्हिदम हाऊस एकटेच होते का?

नाही. त्याच परिसरात तीन वर्षांत तीन ठिकाणे गेली, आणि प्रत्येकाचे कारण वेगळे होते.

जहांगीर कला दालनातले ‘समोवार’ १९६४ मध्ये सुरू झाले आणि मार्च २०१५ अखेर बंद झाले. चित्रकार, पत्रकार आणि कॉलेजची मुले तासन्‌तास बसत असलेले हे कॅफे ज्या जागेत होते, ती त्यांची नव्हती. वाद जागेचाच होता.

‘स्ट्रँड बुक स्टॉल’ची गोष्ट निराळी. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात छोट्या जागेत पुस्तके विकायला सुरुवात केली. नंतर दुकान फोर्टात, सर फिरोजशहा मेहता मार्गालगत आले. छापील किमतीवर २० टक्के सूट देणारे हे दुकान मध्यमवर्गीय वाचकाला इंग्रजी पुस्तकाच्या जवळ घेऊन गेले. चर्चगेटच्या सुंदराबाई सभागृहातले त्यांचे वार्षिक पुस्तक प्रदर्शन म्हणजे तर सोहळाच. शानभाग यांना २००३ मध्ये पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २००९ मध्ये ते गेले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दुकानही. ज्या सवलतीने स्ट्रँडला मोठे केले, तीच सवलत ऑनलाइन कंपन्यांनी घरपोच द्यायला सुरुवात केली होती. शिवाय गिऱ्हाईकाच्या हाती नेमके पुस्तक ठेवणारा माणूस राहिला नव्हता.

वारसा म्हणून अशा दुकानांना संरक्षण नाही का?

इमारतीला आहे, धंद्याला नाही. मुंबईची वारसा नियमावली १९९५ पासून लागू आहे आणि काळा घोडा परिसर त्या कक्षेत येतो. दर्शनी भाग बदलायचा, मजला चढवायचा तर समितीची परवानगी लागते. पण तळमजल्यावर तबकड्या विकायच्या की बूट, याच्याशी नियमावलीला देणेघेणे नाही. त्याच चौकातला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवला आणि तो राणीच्या बागेत गेला. २०१७ मध्ये तिथे नवा काळा घोडा उभा राहिला, स्वाराशिवाय. तुलना थोडी ओढूनताणून वाटेल, पण वारसा जपण्याची आपली पद्धत बरीचशी तशीच आहे.

सॅन फ्रान्सिस्कोने २०१५ मध्ये मतदान घेऊन वेगळा मार्ग काढला. ३० वर्षांहून जुन्या व्यवसायांची नोंदवही केली. त्यांना कर्मचाऱ्यांच्या संख्येनुसार अनुदान द्यायचे आणि जो घरमालक अशा दुकानाला दहा वर्षांचा करार देईल त्यालाही चौरस फुटामागे पैसे द्यायचे, अशी ती योजना. घरमालकाला पैसे देण्यातली समज महत्त्वाची आहे. बार्सिलोनाचा अनुभव कडू आहे. स्पेनमध्ये जुन्या गोठवलेल्या भाड्यांची मुदत २०१४ च्या अखेरीस संपली आणि अनेक जुन्या दुकानांना बाजारभावाचे भाडे झेपले नाही. नंतर शहराने खास दुकानांची यादी केली, तेव्हा लाकडी कपाटे आणि पाट्या वाचल्या, धंदा मात्र प्रत्येक वेळी वाचला नाही.

गिरगाव, दादर, लालबागच्या दुकानांचे काय?

तिथली बहुतेक जुनी दुकाने मालकीची नाहीत, पागडीची आहेत. त्यामुळे वरचे गणित तिथे उलटे चालते. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, आणि ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, १९९९ च्या या कायद्याच्या कलम ५६ ने, पागडी घेणे-देणे कायदेशीर केले. महिन्याचे भाडे काही शे रुपये असल्याने कमी विक्रीतही दुकान चालते. गिरगावातले मसाल्याचे, लालबागमधले चिवड्याचे किंवा दादरमधले पूजासाहित्याचे छोटे दुकान या कवचामुळे टिकून आहे, हे मान्य केले पाहिजे. घरमालकाच्या बाजूने पाहिले तर हा अन्यायच आहे. त्याला इमारत दुरुस्त करण्याएवढेही भाडे मिळत नाही आणि इमारत खचत जाते.

म्हणूनच या भागातले दुकान बंद होते ते इमारत पडायला आली की. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात नियम ३३(७) नुसार दुकानदारालाही नव्या इमारतीत जागा मिळते. कागदावर त्याचे नुकसान नाही. पण बांधकामाची तीन-चार वर्षे तो कुठे असतो? घरातल्या माणसाला तात्पुरत्या भाड्यावर दुसरीकडे राहता येते, दुकानाचे गिऱ्हाईक तसे हलवता येत नाही. रस्त्याला लागून असलेला गाळा परत मिळतो की आतल्या बाजूचा, यावर पुढचा धंदा ठरतो. शिवाय नव्या इमारतीचा देखभाल खर्च जुन्या भाड्याच्या कितीतरी पट. आणि चाळीतली माणसे परतली तरी गिरणी कामगारांची वस्ती जाऊन टॉवर आले की मागणी बदलतेच. १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागने ते अनुभवले आहे.

काळबादेवी-गिरगावमध्ये भूमिगत मेट्रो-३ च्या स्थानकांसाठी जुन्या इमारती पाडाव्या लागल्या, तेव्हा तिथल्या रहिवाशांइतकाच प्रश्न तळमजल्यावरच्या दुकानदारांचा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झाला. स्थानकामुळे गिऱ्हाईक वाढेल, आणि जागेचा भावही.

टिकलेली दुकाने कशामुळे टिकली?

धोबी तलावचे फर्टाडोज १८६५ पासूनचे. त्यांनी वाद्यांच्या विक्रीला संगीतशिक्षणाची जोड दिली. दादरचे हरिभाऊ विश्वनाथ हार्मोनियमसाठी ओळखले जाते. दोन्ही ठिकाणी विकली जाते ती वस्तू डाउनलोड करता येत नाही. भाता फाटला, सूर उतरला तर पुन्हा दुकानातच यावे लागते. ‘ऱ्हिदम हाऊस’ची वस्तू मात्र एकदा विकली की दुरुस्तीलाही परत येत नसे.

तबकडीही परतली आहे, पण वेगळ्या भावाने. अमेरिकेत २०२२ मध्ये विनाइल तबकड्यांनी नगांच्या हिशेबात सीडीला मागे टाकले. मुंबईत माहीमला रिव्हॉल्व्हर क्लबसारख्या ठिकाणी नव्या तबकड्या आणि ग्रामोफोनचे आधुनिक अवतार मिळतात. काही हजारांची तबकडी घेणारा हा ग्राहक मोजका आहे. काळा घोड्याला फुकट ऐकायला येणारा विद्यार्थी तो नव्हे.

आपल्या गल्लीतल्या दुकानाची इमारत पुनर्विकासाला निघाली असेल, तर दुकानदाराने करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात, असा सल्ला जाणकार देतात : नव्या गाळ्याचे चटई क्षेत्र आणि त्याचे रस्त्याकडचे तोंड, बांधकामाच्या काळातल्या पर्यायी गाळ्याचे भाडे कोण आणि किती दिवस देणार, आणि करार नोंदणीकृत आहे की नाही. तोंडी आश्वासनावर रिकामा केलेला गाळा परत मिळवताना पिढी निघून जाते.